रेघेखालची मुलं

“छेद, खाली बसा.”

गुरुजी एवढंच म्हणायचे. नावं घ्यायचे नाहीत. आमच्या वस्तीतली पोरं उठायची आणि बाकाखाली जाऊन उकिडवी बसायची. मीही बसायचे. शेजारी माझा भाऊ यशवंत. तो माझ्याहून मोठा, एक इयत्ता पुढं. पण चिखलीच्या शाळेत तेव्हा दोन-दोन इयत्ता एकाच खोलीत कोंबलेल्या असत. गणिताला आम्ही एकत्र असायचो.

शाळेत एकच लांब बाक होता. गावानं वर्गणी काढून करून घेतलेला, सागवानी. त्यावर आम्ही बसायचं नाही, हे आम्हाला कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. कुठल्या विहिरीवर जायचं नाही हेही कुणी सांगितलं नव्हतं. गावातली मुलं बाकावर, तिथं न मावलेली तरटावर, आणि आम्ही दाराशी, उघड्या जमिनीवर. असं चाललं होतं. मग अपूर्णांक आले आणि गुरुजींना युक्ती सुचली. बाक म्हणजे अपूर्णांकाची रेघ. गावातली मुलं बाकावर उभी राहायची. ती अंश. आम्ही बाकाखाली. आम्ही छेद.

“छेद मोठा असतो रे,” गुरुजी म्हणायचे. “म्हणून तर तुम्ही लागता. तुमच्या वस्तीत पोरांना काय तोटा!”

वर्ग हसायचा. आमच्यातलेही काही हसायचे. हसलं की मार कमी बसतो, असं त्यांना वाटे.

वर चार, खाली सहा. चार छेद सहा.

“संक्षिप्त रूप द्या. कितीनं भाग जातो?”

“दोनानं!” बाकावरून आरोळी.

मग गुरुजी भाग द्यायचे. वरच्या दोघांना म्हणायचे, “उतरा बाळांनो.” ते उडी मारून उतरायचे, चड्डी झटकायचे. मग गुरुजी वाकायचे आणि आमच्यातल्या तिघांना रुळानं हाणायचे. फळ्यावर रेघा आखायचा तो लाकडी गोल रूळ. पाठीवर, मानेवर, कानामागं, जिथं बसेल तिथं. “बाद! बाद! बाद!” बाद झालेल्यानं रांगत दारापर्यंत जायचं. उभं राहायचं नाही, कारण रेघेखालचा आकडा उभा राहत नाही. मागं उरायचे वर दोन, खाली तीन.

“दोन छेद तीन. झालं अतिसंक्षिप्त रूप.”

गावात या युक्तीचं कौतुक होतं. आमच्या गुरुजींचं गणित पोरांच्या अंगात भिनतं, असं पाटील म्हणत. ते खरं होतं. माझ्या अंगात ते भिनलं आहे. अजून अपूर्णांकाची रेघ ओढली की माझी मान आपोआप आत जाते.

यशवंतला गणित आवडायचं. मार खाऊनसुद्धा आवडायचं. वर आणि खाली एकाच संख्येनं भागलं तर किंमत बदलत नाही, हा नियम त्याला फार पटला होता. गुरुजींपेक्षा त्याचाच त्या नियमावर जास्त विश्वास. संध्याकाळी चुलीपुढं बसून तो आईला सांगायचा, “आये, जे खाली करायचं तेच वर करायचं. न्हाईतर हिशेब खोटा.”

आई भाकरी थापत म्हणायची, “आसं कुटं आसतंय व्हय रं?”

“आसतंय. पुस्तकात हाय.”

मग एक दिवस तपासणीचे साहेब आले. गावात त्यांना दिपोटी म्हणत. गुरुजींनी त्यांना आपली युक्ती दाखवायचं ठरवलं होतं. खोली सारवून घेतली होती. आम्हाला अंघोळ करून यायला बजावलं होतं. बाकावरच्यांना बजावलं नव्हतं.

दिपोटी खुर्चीवर बसले. वर चार गेले, खाली आम्ही सहा. त्या दिवशी गुरुजींचा रूळ हलका होता. पाहुण्यांसमोर नुसता टेकवल्यासारखा. यशवंत बाद झाला, मी उरले. दिपोटींनी मान डोलावली आणि वर्गाला विचारलं, “चार छेद सहाचे दोन छेद तीन झाले. किंमत बदलली का रे?”

“नाही!” बाकावरून.

“बदलली,” दाराकडून.

दिपोटींनी वळून पाहिलं. “कोण बोललं? पुढं ये.”

यशवंत उठला. रांगला नाही. चालत पुढं आला.

“कशी बदलली?”

“वरच्यास्नी नुसतं उतरवलं. आमाला मारलं. भागायचं तर दोनीकडं सारखंच भागाया पायजे. गुरुजीच सांगत्यात.”

दिपोटी मोठ्यानं हसले. “पोरगं हुशार आहे हो गुरुजी! तुम्ही शिकवलेलं नेमकं ध्यानात ठेवलंय.”

ते कौतुकच होतं. कुणी मोठ्या माणसानं माझ्या भावाचं केलेलं पहिलं कौतुक. त्याचा चेहरा कसा उजळला ते मला दिसलं, कारण मी अजून बाकाखाली होते आणि तो माझ्याकडं बघत होता.

दिपोटी पाटलांकडं जेवायला गेले. गुरुजी त्यांना पाटलांच्या दारापर्यंत सोडून आले. आत आले, दार लावून घेतलं. आम्हाला कुणी उठा म्हटलं नव्हतं, आम्ही अजून बाकाखालीच होतो.

“वर यायचंय? ये. ठेव हात वर.”

यशवंतला समजलं नाही. गुरुजींनी त्याचं मनगट धरलं आणि उजवा हात बाकावर आपटला. त्या बाकाला त्याचा हात लागला तो असा. बोटं पसरून घेतली. मग रूळ. हळू नाही, भराभर नाही. एक फटका, मग थांबायचं, बोटं पुन्हा सरळ करून घ्यायची, मग दुसरा. “सारखं भागू ना? सारखं भागू?” लाकडाचा लाकडावर होतो तसा आवाज आधी येत होता. नंतर तो आवाज बदलला.

यशवंत आधी ओरडला. मग ओरडायचा थांबला, तोंड तेवढं उघडं राहिलं.

बाकाखालून मला गुरुजींचं मनगट दिसत होतं. मी बाहेर आले आणि चावले. दात रुतेपर्यंत चावले. त्यांनी मला भिंतीवर भिरकावलं. डोकं आपटलं. तोंडात रक्त होतं, ते माझं की त्यांचं, मला कळलं नाही. त्यांचं असावं अशी माझी इच्छा होती. अजून आहे.

नंतर गुरुजींनी गावातल्या एका मुलाकडून बाकावर पाणी ओतून घेतलं. रक्तासाठी नव्हे. रक्त जमिनीवर होतं.

आबा, म्हणजे आमचे वडील, पिंपरीच्या एका कंपनीत कामाला होते. खाकी ड्रेस घालून सायकलवर जायचे. दुसऱ्या दिवशी शिफ्ट बुडवून, तोच ड्रेस घालून ते शाळेत गेले. गुरुजी ओट्यावर उभे राहून बोलले. आबांना पायरी चढू दिली नाही.

“बाकावर चढला, पडला. तुमची पोरं बाकावर चढतात कशाला?”

आबा परत आले. सायकल भिंतीला लावली आणि बराच वेळ तिच्या हँडलवरचा हात काढला नाही. मग आईला म्हणाले, “कंपनीत मशीनला हात लावला तर कोन जात इचारत न्हाई. हितं लाकडाला इचारत्यात.”

हाडं बसवणाऱ्यानं बोटं ओढली, पट्ट्या बांधल्या. आईनं हळद लावली. मधली तीन बोटं जुळली, पण वाकडी जुळली. मिटायची हळू, उघडायची त्याहून हळू. पेन धरला की गळायचा. यशवंत शाळेत परत गेला नाही. आबांनी मला मात्र चिंचवडच्या शाळेत घातलं आणि मला तिथवर सायकलवर न्यायचं काम यशवंतनं स्वतःकडं घेतलं. तो हँडल तळव्यानं दाबून धरायचा. शाळा आली की ओरडायचा, “मास्तरीणबाई, उतरा. ष्टेशन आलं.”

“मी कुठं मास्तरीण?”

“व्हशील. मग त्या बाकावर बस. ऐसपैस मांडी घालून बस.”

मी शिक्षिका झाले. कासारवाडीच्या एका प्राथमिक शाळेत लागले. ते बघायला आबा उरले नव्हते. यशवंत तोवर चिंचवडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होता. पायानं पेडल दाबायचं, वरून डाय, म्हणजे पोलादी साचा, खाली येते, पत्रा कापला जातो. हातानं पत्रा सरकवायचा आणि हात झटकन मागं घ्यायचा. हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली पुढची जाळी काढून ठेवलेली असे. जाळी असली की माल कमी निघतो. धडधाकट हाताचे लोकही तिथं बोटं घालवून बसत. माझ्या भावाची बोटं तर उघडायलाच वेळ घ्यायची. तो डाव्या हातानं सांभाळून घ्यायचा. वर्षानुवर्षं त्यानं सांभाळून घेतलं.

त्या दिवशी त्याच्या शिफ्टचा एक माणूस शाळेच्या फाटकाशी आला. टोपी हातात घेऊन उभा.

“ताई, जास्त काय न्हाई. बोटं गेली.”

बोटं जाणं म्हणजे जास्त काही नाही. आमच्या पट्ट्यात तेव्हा लोक असंच बोलत.

वाकडी बोटं डायखाली राहिली होती. मालकानं हाताला मशीन पुसायचं तेलकट वेस्ट, सुताचा गुंता, गुंडाळून त्याला रिक्षात घालून घरी पाठवलं. दवाखान्यात नेलं तर नोंद होते, म्हणून घरी. आम्ही त्याला डॉक्टरकडं नेलं, टाके पडले. तो हसला, म्हणाला, “वाकडी व्हती तीच गेली. सरळ हायेत ती ऱ्हायली.” पण त्या वेस्टमधली घाण आधीच आत गेली होती. काही दिवसांनी त्याचा जबडा धरला. तोंड उघडेना. मग मान. मग पाठ. धनुर्वात म्हणजे काय ते मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात आवाज नसतो. सरकारी दवाखान्याच्या खाटेवर माझा भाऊ डोकं आणि टाचा टेकून कमानीसारखा वर उचलला जायचा, आणि त्याच्या आवळलेल्या दातांमधून जे बाहेर यायचं ते मी लिहिणार नाही. नर्सनं दार आपटलं तरी त्याला झटका यायचा. आई प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडून म्हणायची, “हळू लावा, बाई. हळू लावा.” शेवटच्या झटक्यात त्यानं स्वतःची जीभ चावली. मी त्याच्या तोंडातलं रक्त पुसलं. या वेळी ते कुणाचं आहे हे मला माहीत होतं.

वर्कशॉप बंद झालं नाही. त्याच्या प्रेसवर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस उभा होता.

मी हे सावकाश लिहिते आहे. एक वाक्य लिहिते, उठते, आईला पाणी देते, परत बसते.

यशवंतच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि मी शाळेत रुजू झाले. वर्गात अपूर्णांक चालू होते. मी ते कागदानं शिकवते. जुन्या वर्तमानपत्राचा चौकोन घ्यायचा, घड्या घालून सहा भाग पाडायचे, चार भाग खडूनं रंगवायचे. मग नको असलेली घडी हातानं चोळून सपाट करायची आणि पुन्हा मोजायचं. सहाचे तीन भाग होतात, चाराचे दोन. रंगवलेला कागद तेवढाच राहतो. माझ्या वर्गातली एक मुलगी, तिचे वडीलही प्रेसवर आहेत, ती त्या दिवशी म्हणाली, “बाई, रेघाच गेल्या. कागद हाय तेवढाच हाय.”

“शाब्बास,” मी म्हणत होते आणि हेडमास्तर दारात आले.

“बाई, साहेब तपासणीला आलेत. गणितात त्यांचा हातखंडा आहे.”

हेडमास्तरांच्या मागून गुरुजी आत आले.

केस पांढरे, सफारीचा शर्ट, चष्मा. आता त्यांना सगळे साहेब म्हणत. बढत्या मिळत गेल्या असणार. युक्त्या माहीत असलेल्या माणसाला बढत्या मिळतात. मी त्यांच्या मनगटाकडं पाहिलं. माझ्या दातांची खूण शोधली.

नव्हती. काहीच नव्हतं. स्वच्छ मनगट आणि त्यावर घड्याळ.

त्यांनी मला ओळखलं नाही. मुलांचे कागद चाळले, हसले. “घड्या? बाई, घड्यांनी काय होतं? थांबा, मी गंमत दाखवतो. मुलं जन्मात विसरणार नाहीत.”

माझ्या टेबलावरचा रूळ त्यांनी उचलला. मधला बाक मोकळा करून घेतला. आणि एकेका मुलापुढं उभे राहून विचारू लागले, “आडनाव?” आडनाव ऐकायचे, किंचित थांबायचे, रूळ फिरवायचे. वर. वर. खाली. वर. खाली. खाली. प्रेसवाल्याची ती मुलगी खाली गेली. हेडमास्तर खिडकीबाहेर रेल्वेलाइनकडं बघत होते.

“साहेब,” मी म्हणाले, “माझ्या वर्गात मुलं बाकाखाली बसत नाहीत.”

“अहो, खेळ आहे! त्यांना मजा वाटते.” मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत, “तुम्ही राखीव जागेवरच्या ना? तरीच. सगळ्यात तुम्हाला जातच दिसायची.”

“मी चिखलीची. यशवंतची बहीण.”

“कोण यशवंत?”

त्यांनी हे खवचटपणे विचारलं असतं तर मला चाललं असतं. ते खरंच आठवत होते. कपाळाला आठी घालून, प्रामाणिकपणे. आणि त्यांना आठवत नव्हतं.

“असेल कुणी,” ते म्हणाले. एक हात बाकावर टेकवून वाकले आणि रूळ त्या मुलीच्या पाठीवर ठेवला. “बाद.”

ती हसली. मार कमी बसावा म्हणून आमच्यातली मुलं हसायची, अगदी तशी.

रूळ माझ्या हातात कसा आला ते मला आठवतं. मी तो त्यांच्या मुठीतून पिळून काढला. त्यांचा दुसरा हात बाकावरच होता. बोटं पसरलेली. पाचही सरळ. मी रूळ डोक्यावर नेला. मला ती मोडायची होती. मधली तीन. तो बदललेला आवाज मला पुन्हा ऐकायचा होता, या वेळी त्यांच्या हाडांचा.

रूळ खाली येताना मला बाकाखाली ती मुलगी दिसली. तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं होतं. आता ती साहेबांकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

रूळ त्यांच्या करंगळीशेजारी लाकडावर पडला. बाकाची फळी तडकली. साहेबांनी हात छातीशी ओढून घेतला आणि खाली बसले, जमिनीवरच.

“उठा,” मी मुलांना म्हणाले. “सगळे जागेवर बसा. कागद काढा.”

कुणी हललं नाही. मग ती मुलगी बाकाखालून बाहेर आली, उभी राहिली आणि चालत आपल्या जागी गेली.

साहेबांना हेडमास्तरांनी उठवून नेलं. मी धडा पुरा केला.

खुलासा मागणारा कागद आठवडाभरात आला. निलंबन का करू नये? हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं, स्वतः उठून दार लावलं. माणूस वाईट नाही. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

“बाई, दोन ओळी लिहा. भाऊ गेल्यामुळं मन ठिकाणावर नव्हतं, क्षमस्व. एवढंच. साहेबही सोडून देतील. मी शब्द घेतलाय त्यांचा.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“नोकरी जाईल. घरी म्हातारी आई आहे तुमच्या. भावाचा आधारही आता गेला. जरा व्यवहार बघा.”

मी कागद घेऊन घरी आले. आईला वाचून दाखवला. हेडमास्तर काय म्हणाले तेही सांगितलं. आई चुलीपुढं बसून होती. स्टो आहे घरात, पण यशवंत गेल्यापासून ती चूलच पेटवते. मग म्हणाली, “त्याच्या मरनाची माफी त्या मास्तराकडं मागायची?”

“हो.”

“मग ल्ही. पर त्याचं नाव नगं घेऊ त्यात.”

नाव घेतल्याशिवाय ते लिहिता येत नव्हतं. आणि ते घ्यायचंच होतं. मी लिहिलं: चिखलीच्या शाळेत बाकावर हात ठेवून यशवंत नावाच्या विद्यार्थ्याची बोटं कुणी मोडली. ती बोटं प्रेसखाली का राहिली. तो कसा मेला. त्या दिवशी माझ्या वर्गात आडनावं कुणी विचारली, कुणाला खाली बसवलं. मी रूळ उगारला हेही लिहिलं. कशासाठी उगारला हेही. आणि शेवटी लिहिलं, माझं मन ठिकाणावर होतं. खाली सही केली.

हेडमास्तरांनी माझा खुलासा वाचला. दोनदा वाचला. “बाई, हे मी पुढं पाठवलं की परत घेता येणार नाही.”

“पाठवा.”

त्याचं काय होईल मला माहीत नाही. नोकरी जाईल असं सगळे म्हणतात. जाईल. गेली तर आमच्या घराच्या ओट्यावर वर्तमानपत्र आहे, घड्या घालायला हात आहेत, आणि वस्तीत, गुरुजी म्हणायचे तसं, पोरांना तोटा नाही.

तो रूळ मी फेकून दिलेला नाही. त्या मुलीला जवळ बसवून मी सांगितलं की हा तुझ्यासाठी नाही, वर्गातल्या कुणासाठीच नाही. तिनं तो हातात घेऊन पाहिला, वजन करून पाहिलं आणि मला परत दिला. माझ्या वर्गात रेघ फळ्यावर असते आणि कागदावर असते. ती मुलांच्या अंगावरून ओढायला पुन्हा कुणी आला, गुरुजी असो की साहेब, तर मी मुलांना आधी बाहेर पाठवीन. मग दार लावून घेईन. आणि त्या वेळी रूळ लाकडावर पडणार नाही.